मागणं आणि मिळालेलं

मागच्या वेळी आपण फ्रेगेचा १८९२ सालचा भेद पाहिला. पहाटेचा तारा आणि सांजेचा तारा: वस्तू एकच, शुक्र, पण तिथवर नेणाऱ्या वाटा दोन. आज हाच भेद जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पाहू. श्रोत्यांत प्रोग्रॅमर बरेच आहेत, त्यांनी आम्हाला सांभाळून घ्यावं.

जेक्वेरीत आपण पानाकडे मागणं करतो: 'बातमी' या क्लासचे सगळे परिच्छेद दे. हे मागणं म्हणजे सिलेक्टर, नुसती अक्षरांची ओळ. हाती येतो तो मात्र घटकांचा संच. त्यावर प्लगइन चालवलं की आत 'दिस' म्हणजे तो संच. मागणं दाराबाहेरच राहिलं. मग लिहिणाऱ्याला ते कशाला हवं? तर उद्या पानावर नव्या बातम्या येतील म्हणून. संच ही आजची मतदार यादी आहे आणि सिलेक्टर हा '१८ वर्षं पूर्ण' हा नियम. उद्या अठरा वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलीला यादी ओळखत नाही, नियम ओळखतो.

आवृत्ती १.३ पासून ही सोय होती. प्लगइनमध्ये 'दिस.सिलेक्टर' लिहिलं की मूळ ओळ मिळे. (प्रत्येक घटकावर फिरणाऱ्या 'ईच'च्या आत मात्र नाही हं! तिथे 'दिस' म्हणजे एकटा घटक. त्याला डॉलरच्या कंसात घातलं तर ओळ रिकामी येते.)

पण प्रत्येक संचामागे मागणं असतंच का? कोणी घटक थेट हातात दिला तर ओळ रिकामीच. 'यूएल' मागून त्याची मुलं घेतली, तर जुन्या आवृत्त्यांत 'यूएल.चिल्ड्रन()' अशी ओळ मिळे. ती दिसते सिलेक्टरसारखी, पण पुन्हा मागणं म्हणून दिली तर चालत नाही. वस्तूवरून वाट उलटी काढता येत नाही, हेच फ्रेगेचं दुखणं. आवृत्ती १.७ मध्ये ही सोय कालबाह्य ठरवली गेली, ३.० मध्ये काढूनच टाकली. आमच्या मते बरंच झालं.

मग करायचं काय? प्लगइन बोलावणाऱ्याकडूनच सिलेक्टर वेगळा मागून घ्यायचा, इतर पर्यायांसोबत. आणि काम नुसतं क्लिक ऐकण्याचं असेल तर तेही नको: १.७ मध्येच आलेलं 'ऑन' वडील घटकावर लावून त्याला सिलेक्टर द्यायचा, म्हणजे नंतर आलेली बातमीसुद्धा आपोआप त्यात धरली जाते.