इंग्रजी शिकविण्याचा पेशा : परदेशातील नोकरी आणि पुढची वाटचाल

दरवर्षी मंडळाच्या गुणगौरव समारंभात इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. झालेली पाच-दहा मुले-मुली असतात. सत्कार होतो, टाळ्या होतात, आणि चहाच्या वेळी त्यांतील एखादी मुलगी हळूच बाजूला येऊन विचारते, "सर, आता पुढे काय?" अनुदानित महाविद्यालयांत जागा निघत नाहीत. तासिका तत्त्वावरचे मानधन केव्हा हातात पडेल याचा भरवसा नाही. अशा पदवीधरांसाठी परदेशात इंग्रजी शिकविणे हाही एक मार्ग आहे, पण त्याची नीट माहिती आपल्याकडे फारशी पोचलेली नाही. आम्ही त्या मार्गाने काही वर्षे गेलो आणि पुढे नव्या शिक्षकांना तयार करण्याच्या कामात पडलो. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली शंका सर्वांची एकच असते. इंग्रजी तर इंग्रजांनी शिकवायची, आपल्याला कोण विचारणार? ही शंका खोटी नाही. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. तेथे तुमची पदवी पाहण्याआधी पारपत्र पाहिले जाते. इतरत्रही जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असे सरळ छापलेले आढळते. कोण कोठे जन्मला यावरून त्याची लायकी ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. या पेशातील लोकांनीही त्यावर बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली आपल्या पुस्तकात 'मातृभाषक हाच उत्तम शिक्षक' या समजुतीला भ्रम म्हटले. हंगेरीचे पीटर मेजेश यांनी १९९४ साली इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाच्या जमेच्या बाजू मांडल्या. अमेरिकेतील टेसॉल या शिक्षक-संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध निवेदन काढले. निवेदनाने जाहिराती बदलल्या असे नाही, पण दारे सगळीकडे बंदही नाहीत. थायलंड, व्हिएतनाम, आखाती देश येथे भारतीय शिक्षक काम करीत आहेत.

मात्र या दारातून आत जायला नुसती पदवी पुरत नाही. शेक्सपिअर शिकलेला माणूस पंधरा वर्षांच्या मुलाला 'काल मी बाजारात गेलो' हे वाक्य बोलायला शिकवू शकेलच असे नाही. ते निराळे कौशल्य आहे. त्याच्या प्रशिक्षणाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ साली स्पेनमधील कोर्दोबा शहरात इंग्रजीची शाळा काढली आणि १९५९ साली लंडनमध्ये आले. शिक्षक हवेत, पण तयार शिक्षक मिळत नाहीत, म्हणून १९६२ साली त्यांनी स्वतःच एक छोटा वर्ग सुरू केला. त्या रोपट्यातूनच आजचा सेल्टा हा केंब्रिजचा अभ्यासक्रम वाढला. त्यात किमान १२० तासांचे मार्गदर्शन, चार लेखी स्वाध्याय आणि खऱ्या विद्यार्थ्यांपुढे एकूण सहा तास प्रत्यक्ष अध्यापन असते. पूर्णवेळ केल्यास चार आठवडे लागतात. ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेचा अभ्यासक्रमही याच तोलाचा आहे. त्यात एक मजेदार भाग असतो. प्रशिक्षणार्थ्याला चार तास एखादी अगदी अनोळखी भाषा शिकवितात, म्हणजे काहीच न कळणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था त्याच्या लक्षात यावी. आपली मुले मराठी शाळेतून एकदम इंग्रजीतल्या वर्गात जातात तेव्हा हा अनुभव फुकटच घेतात, ही गोष्ट वेगळी!

आमच्या पहिल्या सराव पाठाची हकीकत सांगतो. आम्ही बी.एड. झालेले, पाठटाचण कसे काढावे हे येत होते. चाळीस मिनिटे खणखणीत आवाजात शिकविले, फळा भरून टाकला. पाठ संपल्यावर मागे बसलेल्या प्रशिक्षिकेने एक कागद पुढे केला. त्यावर उभ्या रेघा मारलेल्या होत्या. कोण किती मिनिटे बोलले याचा तो हिशोब होता. आम्ही चौतीस मिनिटे, आणि बारा विद्यार्थी मिळून सहा. त्या एवढेच म्हणाल्या, "इंग्रजीचा सराव कोणाला हवा होता?" आम्ही गप्प झालो. त्या रात्री नवे टाचण केले आणि आमच्या बोलण्यातली निम्मी वाक्ये खोडली. चार आठवड्यांत खरे शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच, की दुसऱ्याने पाहिल्याशिवाय आपला दोष आपल्याला दिसत नाही.

पुढे थायलंडमधील एका शाळेत रुजू झालो. थाई भाषेत शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात. तो आपला 'गुरू'च. शाळा सुरू झाल्यावर मुले शिक्षकांना फुले देऊन वंदन करतात तो समारंभही बहुधा गुरुवारी असतो. पण वर्गात आदराने काम भागत नाही. थाई भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलत नाही, म्हणून 'गो' आणि 'वेन्ट' असा भेद कशासाठी हे मुलांना पटत नाही. आपल्या मराठीप्रमाणे त्यांच्याही भाषेत 'ए', 'ॲन', 'द' ही उपपदे नाहीत. आमच्याबरोबरचा इंग्लंडचा तरुण शिक्षक 'द' कोठे घालायचा हे अचूक जाणत होता, पण का घालायचा असे विचारले की गडबडत असे. आम्ही मात्र शाळेत त्याच 'द'पायी मार खाल्लेला होता. 'मी दहा वर्षांपासून राहतो' याचे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' आपण का करतो आणि 'फॉर' कोठे लावायचा, हे ठेच लागून शिकलेल्यालाच पायरी-पायरीने सांगता येते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी ज्या गोष्टीची लाज बाळगली, तीच येथे उपयोगी पडते. अर्थात आपलेही उच्चार तपासावे लागतात. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींसाठी आपण एकच 'व' वापरतो, तो सुधारायला आम्हाला वर्ष लागले.

दोन-तीन वर्षे शिकविल्यावर बहुतेक जण एका जागी अडकतात. तोच पगार, तेच पुस्तक, दरवर्षी नवा करार. येथून वर जाण्याची शिडी म्हणजे केंब्रिजचा डेल्टा. त्याचे तीन भाग आहेत : लेखी परीक्षा, निरीक्षणाखालील अध्यापन आणि दीर्घ लेखन. ते एकदम करावे लागत नाहीत. त्यानंतर वरिष्ठ शिक्षक, अभ्यासक्रम-प्रमुख आणि शिक्षकांचा प्रशिक्षक अशा वाटा निघतात. प्रशिक्षक व्हायला आणखी एक परीक्षा देऊन भागत नाही. एखाद्या केंद्राने तुम्हाला उमेदवार म्हणून घ्यावे लागते, मग एका संपूर्ण अभ्यासक्रमात अनुभवी प्रशिक्षकाच्या मागे बसून शिकावे लागते.

या उमेदवारीत आम्हाला सर्वांत जड गेले ते बोलणे आवरणे. नव्या शिक्षकाच्या पाठात वीस चुका दिसतात आणि वीसही सांगाव्याशा वाटतात. तसे केले की तो माणूस दुसऱ्या दिवशी थरथरत उभा राहतो. आधी त्यालाच विचारायचे, आज मुले काय शिकली? मग दोनच चुका निवडायच्या, उद्याच्या पाठात सुधारता येतील अशा. बाकीच्या वहीत राहू द्यायच्या.

प्रशिक्षणाचे सगळे ज्ञान विलायतेतूनच येते असाही समज नको. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण घोकून न घेता मुलांना नकाशे, रेल्वेचे वेळापत्रक देऊन कोडी सोडवायला लावली. 'बंगलोर प्रकल्प' म्हणून तो आज जगभर शिक्षक-प्रशिक्षणात अभ्यासला जातो. प्रभू पुढे सिंगापूरच्या विद्यापीठात शिकवीत होते. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाची सुरुवातही १९५८ साली इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीच झाली. सेल्टाची फी अनेक घरांना परवडणारी नाही. कर्ज काढण्यापूर्वी तेथील अध्यापन-पदविकांची चौकशी जरूर करावी.

आता कागदपत्रांविषयी. पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर बदलून देतो, असे कोणी सांगितले तर जाऊ नये. थायलंडमध्ये शिकवायला पदवी, योग्य व्हिसा, काम करण्याचा परवाना आणि शिक्षक परिषदेची मान्यता लागते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात. २०२२ मध्ये थायलंडच्या बनावट नोकऱ्यांबाबत परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता. संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले होते. एजंटची मंत्रालयाकडे नोंदणी आहे का ते पाहावे. संस्थेत पूर्वी काम केलेल्या एखाद्या भारतीय शिक्षकाशी बोलावे, आणि पगार, तास, घरभाडे, सुट्टी, परतीचे तिकीट हे करारात लिहून घ्यावे. पदवीचे साक्षांकन येथूनच करून न्यावे. हेग करारातील देशांसाठी अपोस्टिल चालते, इतरांसाठी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. यात आठवडे जातात, आणि मूळ प्रमाणपत्रावरच्या नावात व पारपत्रावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी काम अडते. आमचे अडले होते. वडिलांचे नाव दहावीच्या दाखल्यावर एक आणि पारपत्रावर दुसरे, एवढ्यासाठी दोन महिने गेले. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी सर्व कागद एका टेबलावर पसरून नावे अक्षर-अक्षर ताडून पाहावीत.