नाकारलेली वैरण : भंडारा जिल्ह्यातील तणसाच्या संदर्भात

पुढ्यात टाकलेली वैरण जनावराने हुंगून सोडून द्यावी आणि मालकाने त्यास लाडावलेले ठरवावे, हा प्रकार सर्वत्र पाहावयास मिळतो. घोड्याचा चोखंदळपणा तर प्रसिद्धच आहे. वस्तुतः असा नकार हा बहुधा जनावराचा दोष नसून वैरणीच्या दोषाचा निर्देश असतो. मात्र सर्व नकारांचे कारण एक नसते, आणि कारण ओळखल्यावाचून केलेला उपाय प्रसंगी अपायकारक ठरतो. धान हेच प्रमुख पीक असलेल्या भंडारा जिल्ह्यात हा विचार विशेष अगत्याचा आहे; कारण येथील गुरांची मोठी भिस्त तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर असते.

पहिला नकार नासलेल्या वैरणीचा. खरिपाचे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापले जाते. कडपा बांधीत पसरलेल्या असताना अवकाळी पाऊस आला, तर दाण्याबरोबर तणसही भिजते. उन्हाळी धानाच्या मळणीच्या सुमारास वळवाच्या सरींमुळे तीच आपत्ती ओढवते. असे तणस पुरते न वाळवता ढिगात रचले, म्हणजे आतील उष्णता वाढते व बुरशी धरते. वैरण निर्धोक साठवावयाची तर तिच्यातील ओलावा शेकडा १५ च्या आसपास वा त्याहून कमी असावा लागतो. बुरशीचा कुबट वास जनावरास ताबडतोब कळतो. घोड्यास वांती करता येत नाही. गिळलेला पदार्थ बाहेर टाकण्याची सोय नसल्याने बुरशीयुक्त वैरण त्याला पोटशूळ आणू शकते, आणि तिच्या धुळीने श्वसनाचा विकार जडतो. गुरेही सुरक्षित नसतात. पंजाबातील देगनाला या नाल्याच्या परिसरावरून नाव पडलेल्या रोगात म्हशींचे कान, शेपटी व पायांची टोके सडतात. त्याचा संबंध बुरशी लागलेल्या तणसाशी जोडला जातो.

दुसरा नकार निराळा आहे. तणस कोरडे, पिवळे व स्वच्छ असते, तरी गाय थोडे खाऊन थांबते. येथे प्रश्न चवीचा नसून पचनाचा असतो. तणसात प्रथिने शेकडा ३ ते ५ इतकीच असतात, आणि सिलिकेचे प्रमाण गव्हाच्या काडाहून बरेच अधिक असते. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजंतू तंतू फोडतात. परंतु त्यांच्या वाढीस लागणारा नत्र आहारात शेकडा ७ च्या आसपास प्रथिने असल्यावाचून पुरेसा मिळत नाही. तंतू बारीक झाल्याखेरीज पुढे सरकत नाहीत. परिणामी पोट भरलेले राहते आणि शरीर मात्र उपाशी राहते. घोड्यात तंतूंचे विघटन मोठ्या आतड्यात होते व अन्न त्वरेने पुढे जाते. म्हणून निकस पण स्वच्छ वैरण तो अधिक खाऊन काही अंशी उणीव भरून काढतो. गाईस तितकी मुभा नाही.

या भेदावरून उपाय ठरतो. नासलेल्या तणसावर गुळाचे वा मिठाचे पाणी शिंपडून ते खपवणे म्हणजे जनावराने दिलेली सूचना बुजवणे होय. असे तणस खतातच गेले पाहिजे. निकस तणसाचे मात्र पोषण वाढवता येते. १०० किलो कोरड्या तणसावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्णपणे विरघळवून सारखा शिंपडावा, ढीग दाबून हवाबंद झाकावा व तीन आठवड्यांनी उघडावा. खाऊ घालण्यापूर्वी तणस थोडा वेळ मोकळ्या हवेत पसरून अमोनियाचा उग्र वास जाऊ द्यावा. त्यायोगे नत्र वाढतो व तंतू मऊ होतात. ही वैरण प्रौढ रवंथ करणाऱ्या जनावरांसाठीच होय. सहा महिन्यांखालील वासरांस व घोड्यांस ती देऊ नये. ज्यास हे जमणार नाही, त्याने तणसात कडधान्याचे कुटार वा हिरवी वैरण मिसळावी.

तथापि जनावराच्या निवडीवर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. उभ्या धानात उतेरा पद्धतीने पेरली जाणारी लाखोरी हे या भागातील परिचित पीक आहे. तिचा दाणा घोडा आवडीने खातो. परंतु तो दीर्घकाळ खाण्यात आल्यास मागील पाय लुळे पडणे, तसेच स्वरयंत्राच्या पक्षाघाताने श्वास घेताना घरघर होणे, असे विकार आढळले आहेत. दोष सावकाश प्रकट होत असल्याने जिभेला व नाकाला तो ओळखता येत नाही. तात्पर्य, नाकारलेली वैरण तपासावी हे खरेच. पण आवडीने खाल्लेली वैरण तेवढ्यावरून निर्दोष मानू नये.

म्हणून ढीग रचण्यापूर्वी तणसाची मूठ पिळून पाहावी आणि मधल्या थरातील काडी हुंगावी. गव्हाणीत उरलेले तणस फेकण्यापूर्वीही तेच करावे. वास कुबट असेल तर दोष साठवणीत आहे. वास स्वच्छ असेल तर उणीव पोषणात आहे. उन्हाळ्यात हिरवा चारा दुर्मिळ होतो, तेव्हा दुधाचे व बैलाच्या शक्तीचे मान पुष्कळ अंशी या साध्या परीक्षेवर अवलंबून राहते.