शंका, पासून आणि आपण: इंग्रजीत आपण नेमके कुठे अडखळतो?

मागच्या भागानंतर जळगाव-धुळ्याकडून इंग्रजीबद्दल बरेच प्रश्न आले. आधीच सांगतो, मी इंग्रजीचा शिक्षक नाही. जळगावची मराठी शाळा, मग बीटेक, आता सॉफ्टवेअरची नोकरी. पण आज ज्या चुका सांगणार आहे, त्या सगळ्या मी स्वतः केल्यात.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं. म्हणजे माझी पिढी पहिलीपासून शिकलेली. तरी मीटिंगमध्ये डोक्यात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. का? कारण आपण विचार मराठीत करतो आणि शब्द तेवढे बदलतो. मग चूक शोधायची तर आधी मराठी शब्द बघा.

पहिला प्रश्न: "आय हॅव अ डाऊट" चूक आहे का?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अमेरिकन क्लायंटला लिहिलं, "आय हॅव अ डाऊट अबाऊट युवर डिझाइन." मला फक्त एक गोष्ट विचारायची होती. उत्तर एकदम थंड आलं. नंतर मॅनेजरने बोलावलं, "त्याच्या कामावर तुझा भरवसा नाही का?" मी गारच पडलो! झालं काय, की आपल्या 'शंका' या शब्दात प्रश्नही येतो आणि संशयही. वर्गात सर म्हणायचे, "शंका विचारा." इंग्रजीतला 'डाऊट' मात्र संशयाकडे झुकतो. भारतात 'डाऊट' चालतो, सगळ्यांना कळतो. बाहेरच्या माणसाशी बोलताना सरळ 'क्वेश्चन' म्हणा.

दुसरा: 'सिन्स' कुठे आणि 'फॉर' कुठे?

मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतं. "२०२१ पासून" आणि "तीन वर्षांपासून". म्हणून आपण "सिन्स थ्री इयर्स" म्हणून मोकळे होतो. सोपी युक्ती सांगतो. "कधीपासून?" याचं उत्तर असेल तर सिन्स, "किती काळ?" याचं असेल तर फॉर. सिन्स २०२१, फॉर थ्री इयर्स.

पण इथे अजून एक खड्डा आहे, क्रियापदाचा. "मी तीन वर्षांपासून इथे आहे" हे मराठीत साध्या वर्तमानकाळात बसतं. तसंच "आय अ‍ॅम हियर फॉर थ्री इयर्स" म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं की हा तीनच वर्षांसाठी आलाय, मग जाणार. मुलाखतीत असं बोललात तर पंचाईत! तिथे "आय हॅव बीन हियर फॉर थ्री इयर्स" हवं.

तिसरा: 'वुई' मध्ये कोण कोण येतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण इथे मराठी जास्त नेमकी आहे. 'आपण' म्हणजे समोरचा धरून, 'आम्ही' म्हणजे त्याला सोडून. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वुई'. "वुई विल टेस्ट इट" असं लिहिलं की आपल्याला वाटतं ते करतील, त्यांना वाटतं आपण करू, आणि शेवटी कोणीच करत नाही. म्हणून कामाच्या मेलमध्ये टीमचं नाव लिहा. कंटाळवाणं दिसेल, पण रात्रीचे फोन वाचतील.

जाता जाता 'प्रीपोन'. हा शब्द भारतात बिनधास्त वापरा, ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. फक्त परदेशी माणसाला लिहिताना नवी तारीख आणि वेळ सांगा, म्हणजे गोंधळ नको.

तर मंडळी, यातली एकही चूक अडाणीपणाची नाही. प्रत्येकीच्या मागे मराठीचा एक पक्का नियम आहे. तो सापडला की चूक सुटते. पण त्यासाठी आधी मीटिंगमध्ये तोंड उघडावं लागतं. गप्प बसलेल्याची चूक कुणी दुरुस्त करत नाही, आणि त्याचं कामही कुणाला दिसत नाही.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!