सरांचे नाव ज्ञानकोशात का नाही?

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीतील एक मुलगी रागाने लाल होऊन आमच्याकडे आली. मुलगी नुकतीच एम. ए. झालेली. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते. हातातला मोबाइल पुढे करीत ती म्हणाली, "काका, हे बघा. आमच्या सरांवर रात्र रात्र जागून लेख लिहिला आणि यांनी तो परत पाठवला. जात बघूनच पाठवला ना?"

सर म्हणजे तिच्या महाविद्यालयातील निवृत्त प्राध्यापक. गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेले, वसतिगृहात राहून पीएच. डी.पर्यंत शिकलेले. तीस वर्षे शिकवले, तीन पुस्तके लिहिली, कित्येक मुलामुलींची फी स्वतःच्या पगारातून भरली. इंटरनेटवरच्या विकिपीडिया या ज्ञानकोशात अशा माणसाला जागा नाही, हे तिला सहन झाले नाही. ऐकून आमच्याही पोटात कालवले.

"होय, जातच बघितली," असे म्हणून तिची समजूत काढणे सोपे होते. पण बाबासाहेबांनी आम्हाला पुरावा तपासायला शिकवले आहे. तथागतांनीही कालामांना हेच सांगितले की, केवळ परंपरा आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका. तेव्हा आम्ही आधी नियम काय आहे ते पाहायला बसलो.

नियम काय म्हणतो?

विकिपीडिया २००१ साली सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ चा. त्यात लिहिणारे आणि तपासणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो. मुलीने लेख इंग्रजीत पाठवला होता, म्हणून आम्ही इंग्रजीचे नियम पाहिले.

प्राध्यापक-संशोधकांसाठी तिथे आठ कसोट्या आहेत. त्यांतली एक पुरी झाली तरी चालते. त्या विषयाच्या अभ्यासावर मोठा प्रभाव पडलेला असावा आणि तो इतर अभ्यासकांच्या लिखाणातून दिसावा. किंवा देशपातळीवरचा मोठा पुरस्कार असावा. निवडक विद्वत्संस्थेचे सदस्यत्व असावे. अनेक संस्थांतील उच्च शिक्षणावर ठसा उमटलेला असावा. मोठ्या विद्यापीठात खास सन्मानाचे प्राध्यापकपद असावे. कुलगुरुपद किंवा मोठ्या विद्वत्संस्थेचे अध्यक्षपद भूषवलेले असावे. विद्वान म्हणून विद्यापीठाबाहेरच्या समाजावर परिणाम झालेला असावा. किंवा मोठ्या संशोधनपत्रिकेचे प्रमुख संपादकपद असावे. यांत न बसणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे. ज्यांचा त्या माणसाशी संबंध नाही, अशा विश्वासार्ह लेखकांनी त्याच्याविषयी सविस्तर लिहिलेले असावे. एखादे पान काढावे की ठेवावे असा वाद झाला, तर साधारण सात दिवस चर्चा चालते. तिथे नुसते हात मोजत नाहीत, कोणाचे म्हणणे नियमाला धरून आहे ते पाहतात.

वाचकहो, या यादीत "चांगला शिक्षक" ही कसोटी नाही. "कष्टातून वर आलेला" हीही नाही. ज्ञानकोश माणसाची थोरवी मोजत नाही. त्या थोरवीची नोंद दुसऱ्या कोणी करून ठेवली आहे का, एवढेच तो पाहतो.

नोबेल मिळाले तेव्हा पान झाले

ही चाळणी किती फसू शकते, हे साऱ्या जगाने २०१८ साली पाहिले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड या पदार्थविज्ञानाच्या सहयोगी प्राध्यापक. लेसरचे अतिशय तीव्र आणि अतिसूक्ष्म काळाचे झोत तयार करण्याची पद्धत त्यांनी आपले गुरू जेरार मुरू यांच्याबरोबर १९८५ साली मांडली. २०१८ च्या मे महिन्यात त्यांच्यावरचा लेख विकिपीडियाच्या तपासनिसाने परत केला. दिलेल्या संदर्भांवरून पात्रता दिसत नाही, असा शेरा मारला. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झाले आणि त्याच दिवशी पान उभे राहिले. पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणाऱ्या त्या फक्त तिसऱ्या स्त्री. पहिल्या मेरी क्युरी १९०३ साली, दुसऱ्या मारिया गोपर्ट-मायर १९६३ साली. गुरूंचे पान मात्र आधीपासून होते!

यात चूक कोणाची? लेख लिहिणाराने दिलेले संदर्भ स्ट्रिकलंड यांच्याशी संबंधित संस्थांचेच होते, म्हणून तपासनीस कागदावर बरोबर होता. पण त्या २०१३ साली अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. मोठ्या विद्वत्संस्थेचे अध्यक्षपद ही आठांतलीच एक कसोटी. ती कोणी लावून पाहिली नाही. इंग्रजी विकिपीडियातील चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रे आजही सुमारे एक पंचमांशच आहेत, ती अशीच मागे राहिली.

दुसरे उदाहरण क्लॅरिस फेल्प्स यांचे. या कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनतज्ज्ञ. ११७ व्या मूलद्रव्याच्या शोधासाठी लागणारा पदार्थ शुद्ध करणाऱ्या चमूत त्या होत्या. त्यांच्याविषयी स्वतंत्र लिखाण पुरेसे नाही, म्हणून २०१९ साली त्यांचे पान काढले गेले. पुष्कळ वाद झाला, नवे लिखाण पुढे आले आणि २०२० साली पान परत आले.

आपल्या सरांचे काय?

मग मुलीने दिलेले संदर्भ आम्ही एकेक करून पाहिले. महाविद्यालयाची माहितीपुस्तिका, विद्यार्थ्यांनी काढलेला गौरव अंक, सत्कारातले भाषण, प्रकाशकाचे निवेदन आणि सरांचाच एक लेख. सगळी आपलीच माणसे! स्थळ बघायला आलेले पाहुणे मुलीच्या आईने केलेल्या कौतुकावर थांबत नाहीत, चार घरी चौकशी करतात. आई खोटे बोलते असे त्यांना म्हणायचे नसते. ज्ञानकोशाचेही तसेच आहे. तेव्हा लेख परत आला यात जातच दिसली, असे आम्हाला म्हणता आले नाही. तिला ते कडू लागले, पण आम्ही सांगितले.

मात्र दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. नियमात जात लिहिलेली नाही. पण नियम ज्या छापील कागदावर उभा आहे, तो कागद कोणाच्या हातात होता? दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपली पुस्तके हजारोंनी विकली जातात. मोठ्या दैनिकांत त्यांचे परीक्षण क्वचितच येते. कोणाच्या संशोधनाचा उल्लेख किती जणांनी केला, हे मोजणारी यंत्रे मराठी नियतकालिकांकडे फारशी बघत नाहीत. "अस्मितादर्श"चे संपादक डॉ. गंगाधर पानतावणे यांना त्या आकड्याने मोजले, तर हाती काय लागेल? पण त्यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी घडवलेल्या लेखकांची पिढी आहे, अभ्यासकांनी त्यांच्यावर लिहिले आहे. म्हणजे मापच बदलावे लागते.

हे माप आपल्याला कोणी आयते आणून देणार नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना घरोघर जाऊन बोलते केले आणि १९८९ साली "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक काढले. त्याआधी त्या आयाबायांचे काम थोडे का होते? होतेच, नोंद नव्हती.

आम्ही मुलीला सांगितले, "बाळ, सरांविषयी परक्याने काय लिहिले ते शोध. संदर्भ इंग्रजीतच हवा असे नाही, इंटरनेटवरच हवा असेही नाही. मराठी छापील अंक चालतो. फक्त अंकाचे नाव, तारीख आणि पान लिहून घे. आणि सरांना स्वतःवर लिहायला सांगू नकोस, ते नियमाला धरून नाही."

ती ग्रंथालयात बसली. पंधरा दिवसांत दोन गोष्टी सापडल्या. एका त्रैमासिकातील सरांच्या पुस्तकाचे सहा पानी परीक्षण, आणि सरांना कधी न भेटलेल्या एका संशोधकाच्या प्रबंधातील पूर्ण प्रकरण. एवढ्याने लेख स्वीकारला जाईल का? कदाचित नाही. पण आता तिच्या हातात रागाऐवजी पुरावा आहे.

आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे. घरात जुना अंक, कात्रण, परिषदेची पत्रिका, स्मरणिका असेल, तर रद्दीत घालू नका. पाठीमागे तारीख लिहा आणि विहाराच्या किंवा गावाच्या वाचनालयात ठेवा. मुलाबाळांना आपल्या माणसांच्या पुस्तकांवर चार ओळी लिहायला लावा, त्या छापायला पाठवा. स्तुती नको, परीक्षण लिहा. पुस्तकातले उणे दिसले तर तेही लिहा.

सरांना हे सारे कळले तेव्हा ते हसून म्हणाले, "माझे राहू दे. माझ्या आधीच्या गुरुजींचे काही सापडते का ते बघ."

जयभीम!