हलत्या पट्ट्यांची नोंद: होलोग्राफीच्या वेगाचा मागोवा

होलोग्राफीत वस्तूवरून परतलेला प्रकाश थेट आलेल्या संदर्भ किरणात मिसळतो आणि बारीक उजळ-अंधारे पट्टे उमटतात. प्रकाशाची कला (तरंगाचा टप्पा), म्हणून वस्तूची खोलीही, या पट्ट्यांत साठते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत डेनिस गाबर यांना इंग्लंडमध्ये १९४७ साली ही कल्पना सुचली. लेसर आल्यावर लीथ आणि उपात्निएक्स यांनी १९६२पासून तिला खरी गती दिली.

एक अट मात्र पहिल्यापासून पाठीस लागली: नोंद होईपर्यंत पट्टे हलता कामा नयेत. हिरव्या लेसरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. आरसा किरणाच्या दिशेने तिच्या निम्मा, म्हणजे अवघा २६६ नॅनोमीटर सरकला, की एका बिंदूवरचा उजेड मावळून पुन्हा पूर्ववत होतो. फोटोग्राफिक प्लेट उघडी असताना एवढे घडले की पट्टे पुसलेच. जड, कंपनरोधक टेबले आली ती त्यामुळेच.

१९६७ साली गुडमन आणि लॉरेन्स यांनी होलोग्राम व्हिडिकॉन कॅमेऱ्याने टिपला. २५६ × २५६ बिंदूंच्या पुनर्रचनेला तेव्हाच्या संगणकाला सुमारे पाच मिनिटे लागली. १९९४ साली श्नार्स आणि युप्टनर यांनी सीसीडी सेन्सर वापरल्यावर प्लेट धुण्याचे कामच संपले. पुढे गणितही झपाट्याने होऊ लागले आणि अडसर उरला चित्रचौकटींचा. दहा लाख पिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला १०,००० चौकटी टिपू लागला, तर पिक्सेलमागे एक बाइट धरूनही सेकंदाला १० गिगाबाइट साठवावे लागतात.

इव्हेंट कॅमेऱ्यात चौकटच नसते. माहोवाल्ड आणि मीड यांच्या सिलिकॉन रेटिनातून, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची नक्कल करणाऱ्या चिपमधून, निघालेली ही वाट २००८ साली लिख्टश्टायनर, पोश आणि डेलब्रुक यांच्या १२८ × १२८ पिक्सेलच्या सेन्सरपर्यंत आली. त्यातला प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र असतो. उजेड ठरावीक प्रमाणात वाढला किंवा घटला, की तो आपला पत्ता, वेळ आणि बदलाची दिशा कळवतो. एरवी गप्प राहतो. प्रतिसादाला मायक्रोसेकंद पुरतात.

स्थिर होलोग्राम अशा सेन्सरला दिसतच नाही. म्हणून संदर्भ किरणाची कला मुद्दाम सतत बदलतात. पिक्सेलवरचा उजेड वरखाली होतो आणि संदेशांच्या वेळांवरून तिथली कला काढता येते. वस्तूच हलत असेल तर ती स्वतःच संदेश घडवते. जी हालचाल प्लेटवरची नोंद पुसून टाकी, तीच इथे नोंद ठरते. या तंत्राचे खरे बळ इथे आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. सेन्सर केवळ बदल सांगतो, मूळ तीव्रता नाही. बदलाचा उंबरठा पिक्सेलागणिक थोडा वेगळा असतो. सगळे पिक्सेल एकदम बोलू लागले, जसे संदर्भ किरण बदलताना होते, तर वाचन-वाहिनीत संदेशांची गर्दी होते आणि वेळेच्या नोंदी मागे पडतात. त्यामुळे वेगाचा मोठा फायदा मिळतो तो थोड्याच जागी बदल घडतो तेव्हा, उदाहरणार्थ द्रवातून वाहणारे विरळ कण टिपताना.