सांडपाण्याला लागतो श्वास

कोल्हापूरच्या सांडपाण्याला पंचगंगेत जायला कुणाची मदत लागत नाही. शहराचा उतारच तिकडे आहे. जयंती, दुधाळीसारखे नाले उताराला लागले की थेट नदी. मदत लागते ती त्यांना अडवायला. म्हणून जयंतीवर बंधारा आहे आणि तिथले पंप सांडपाणी उचलून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे ढकलत राहतात. पंप बंद पडले की बंधारा भरतो आणि काळं पाणी वरून नदीत उतरतं.

बावड्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटर, दुधाळीची 1 कोटी 70 लाख. एवढं पाणी स्वच्छ करतं कोण? जाळ्या प्लॅस्टिक अडवतात, वाळू तळाला बसते. पण पाण्यात विरघळलेली घाण ना अडकते ना बसते. ती जिवाणू खातात! 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्यांदा ते शुद्ध व्हायला काही आठवडे लागले. मग त्यांनी तळाचा गाळ फेकून न देता त्यावरच नवं सांडपाणी ओतलं. असं करत करत तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं, कारण गाळ म्हणजे जिवाणूंची कमावलेली फौज होती.

आजही अशा केंद्रात टाकीतलं तपकिरी पाणी काचेच्या उंच नळीत भरून ठेवतात. अर्ध्या तासात गाळाचे पुंजके खाली बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. हे पाहताना विश्वास बसत नाही, इतकं ते साधं आहे.

या जिवाणूंना सतत प्राणवायू हवा. केंद्राची साधारण निम्मी वीज नुसती हवा फुंकण्यात जाते. आपण हवा दिली नाही, तर तेच जिवाणू नदीतला प्राणवायू ओढून घेतात आणि पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसतो. म्हणजे विजेचं बिल चुकत नाहीच. महापालिकेने भरलं नाही, तर ते मासे भरतात आणि खालच्या अंगाची गावं भरतात. 2012 च्या उन्हाळ्यात अशाच खालच्या अंगाच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. दूषित पाण्याची किंमत कुठवर पोचते, ते तेव्हा दिसलं.

मग पैसे मागायचे कसे? संडासाला मीटर बसवता येत नाही, पण घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरतात. म्हणून नळाचा मीटरच दोन्ही कामं करतो आणि पाणीपट्टीसोबत सांडपाणी अधिभार लागतो. जर्मनीने 1976 च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: नदीत सोडलेल्या पाण्यात जेवढी घाण उरली, तेवढी आकारणी, आणि ती शहरांनाही. प्रक्रिया चांगली केली की दर उतरतो. मला ही रचना फार न्याय्य वाटते, कारण तिथे खालच्या गावाचं दुखणं वरच्या शहराच्या हिशेबात येतं.

कोल्हापूरला हा हिशेब आता अधिकच लागू आहे. 2023 मध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने शहरात आलं. त्यातल्या प्रत्येक 100 लिटरमागे 80 लिटर पुन्हा नाल्याच्या वाटेने निघणार, आणि तेवढ्या पाण्यासाठी पंप, हवा आणि वीज रोज लागणार.