कातळशिल्पं : ऐकीव आणि खरं

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं गुराख्यांच्या ओळखीचीच होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव विचारपूस करत ती शेकड्यांनी नोंदवली, तेव्हा कुठे बाकीच्यांना पत्ता लागला. आता पर्यटक येतात आणि येताना कथाही घेऊन येतात.

पांडवांची कथा जुनीच. कर्ता सापडला नाही की आपल्याकडे काम पांडवांच्या नावावर जमा होतं. लेण्यांचंही तेच झालं.

‘एवढी मोठी चित्रं आकाशातूनच दिसतात, म्हणजे ती परग्रहवासीयांसाठी,’ ही कथा मात्र नवी, ड्रोनच्या फोटोंवर पोसलेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, हे खरं. पण कडेने सावकाश फेरी मारली की सोंड, पाठ, पाय एकेक करून उलगडतात. शिवाय त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी लहान चित्रं दाटीवाटीने कोरलेली आहेत, ती नीट बघायची तर खाली वाकावं लागतं. परग्रहावरच्या पाहुण्यांसाठी एवढी बारीक कलाकुसर कोण कशाला करील?

बारसूच्या सड्यावर मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ आहेत. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही असा प्रसंग आहे, म्हणून काहीजण लगेच सिंधू संस्कृती कोकणात आणून सोडतात. पण हीच मांडणी मेसोपोटेमियातही आढळते. नुसत्या साम्यावर नातं ठरत नाही.

वयाबद्दलही लोक फार ठामपणे बोलतात. कोरलेल्या खाचेत कार्बन पद्धतीने मोजता येईल असं सेंद्रिय काही नसतं, त्यामुळे अंदाज आडवाटेने बांधावा लागतो. चित्रांत जनावरं आणि मासे भरपूर, शेतीचा मात्र मागमूस नाही. त्यावरून पुरातत्त्वज्ञांना ही शिकार करून जगणाऱ्यांची कामगिरी वाटते. सगळी एकाच काळातली असतील, असंही धरून चालू नये.

‘युनेस्कोने जागतिक वारसा जाहीर केला’ हेही अर्धसत्य. २०२२मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं संभाव्य यादीत गेली, एवढंच.

राहिला खडूचा प्रश्न. फोटोत रेषा उठून दिसावी म्हणून खाचेत खडू किंवा रांगोळी भरणारे ‘त्याने काय होतंय’ म्हणतात. जांभा सच्छिद्र असतो, पूड त्यात मुरते आणि पुढच्या अभ्यासकाला मूळ खाच कुठली तेच कळत नाही. गरजही नाही त्याची. भर दुपारी रेषा पुसट होतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर गेलात, तर तिरप्या उन्हाने खाचेत सावली पडते आणि हत्ती आपोआप दिसतो. फक्त त्याच्या पोटावर उभं राहून बघू नका.